सॅक्सोफोनच्या कळा : रचना आणि दुरुस्ती

वऱ्हाडांत लग्नसराईचे दिवस आले कीं अमरावती आणि अकोला येथील रस्ते बँडच्या सुरांनीं दुमदुमूं लागतात. ढोल, ताशा, ट्रम्पेट व क्लॅरिनेट हीं वाद्यें आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगलीं ओळखीचीं आहेत. परंतु त्याच ताफ्यांत कधीं कधीं एक निराळेंच वाद्य दिसतें. पितळेचा वळलेला देह, वरपासून खालपर्यंत वाट्या, दांड्या व कळा यांचें जाळें, आणि माणसाच्या कंठाशीं नातें सांगणारा भरदार आवाज. हें वाद्य म्हणजे सॅक्सोफोन होय. पेटीला कळा कां असतात हें मुलांस चटकन् समजतें. पण तोंडानें फुंकावयाच्या नळीस एवढा यंत्राचा पसारा कशाला, असा प्रश्न अनेकांनीं आम्हांस विचारला आहे. त्याचें उत्तर शोधण्याचा योग गेल्या उन्हाळ्यांत आला. तो कसा आला ती हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

अकोल्याच्या एका बँडांत तीस वर्षें सॅक्सोफोन वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ आपलें जुनें वाद्य घेऊन अमरावतीस आमच्याकडे आले. शाळेच्या वाद्यांची किरकोळ दुरुस्ती आम्ही करतों, हें त्यांनीं कोणाकडून तरी ऐकलें होतें. पण ते दुरुस्तीसाठीं आले नव्हते; वाद्य विकण्यासाठीं आले होते. “मास्तर, वाजा चांगला आहे,” ते म्हणाले, “माह्या छातीतच आता दम नाही राह्यला. शाळेच्या पोरांच्या कामी येईल, घ्या.” दोन वर्षांपासून त्यांच्या वाद्याचे खालचे सूर लागत नव्हते. जोर करावा तों सूर फाटून वरच्या सप्तकांत उडी मारी. वरातींत फजिती होऊं लागली, तेव्हां त्यांच्या हातीं झांजा देण्यांत आल्या. वादकाची अर्धी मिळकत गेली आणि मान तर सगळाच गेला. आम्हीं त्यांस विनंति केली, “काका, वाद्य आठ दिवस आमच्याकडे राहूं द्या, किंमतीचें मग बोलूं.” त्या आठ दिवसांत वरच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांसह आम्ही जें शिकलों तें येथें मांडीत आहों.

प्रथम या वाद्याचें कुळ पाहूं. बेल्जम देशांतील दिनां या गांवीं १८१४ सालीं अ‍ॅडॉल्फ सॅक्स याचा जन्म झाला. वाद्यें घडविणें हा त्याच्या बापाचाच धंदा होता. लांकडी वाद्यांची चपळाई आणि पितळी वाद्यांचें बळ एकाच वाद्यांत आणावें, या ध्यासानें त्यानें हें वाद्य सिद्ध केलें आणि १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. वाद्यास त्याचेंच नांव मिळालें. कर्त्याच्या पदरीं मात्र कोर्टकचेऱ्या व दिवाळीं आलीं, आणि १८९४ सालीं तो निर्धन अवस्थेंत वारला. अंग पितळेचें असूनही संगीतज्ञ सॅक्सोफोनची गणना लांकडी वाद्यांतच करतात. कारण त्याचा आवाज ओठांच्या थरथरण्यानें नव्हे, तर माउथपीसवर बसविलेल्या रीडच्या कंपनानें उत्पन्न होतो. ही रीड पेटीतल्या रीडप्रमाणें पितळेची नसून बोरूसारख्या एका गवताच्या कांडीपासून तासलेली पातळ पट्टी असते.

आतां कळांकडे वळूं. बांसरी वाजविणाऱ्या मुलास एक नियम ठाऊक असतोच : नळीतील हवेचा स्तंभ जितका लांब, तितका सूर खालचा. सगळीं छिद्रें मिटलीं कीं सर्वांत खालचा सूर निघतो; खालून एक एक बोट उचलीत गेलें कीं सूर चढत जातो. सॅक्सोफोनचा नियमही हाच आहे. परंतु बांसरीचीं छिद्रें बोटाच्या पेरानें झांकतात. सॅक्सोफोनची नळी मात्र गाजराप्रमाणें एका टोंकास निमुळती व दुसऱ्या टोंकास रुंद असल्यामुळें खालचीं छिद्रें जुन्या चांदीच्या रुपयाहूनही मोठीं करावीं लागतात. तीं पेरानें झांकत नाहींत, आणि इतकीं दूर असतात कीं हात तेथवर पोंचतही नाहीं. शिवाय छिद्रें वीसांहून अधिक, आणि बोटें दहाच! त्यांतही उजव्या हाताचा अंगठा वाद्य पेलण्यांत गुंतलेला. म्हणून बोटांचें काम कळांवर सोंपवावें लागलें. या कामीं म्यूनिक येथील थिओबाल्ड बोम याचे उपकार स्मरले पाहिजेत. सोनारकामांत हात बसलेल्या या बांसरीवादकानें १८३२ सालीं बांसरीच्या कळांची नवी पद्धति काढली. बोट एका ठिकाणीं दाबावें आणि छिद्र दुसऱ्याच ठिकाणीं मिटावें, ही त्यांतील मुख्य युक्ति पुढें अनेक वाद्यांनीं उचलली.

कळ म्हणजे मूलतः एक तरफ आहे. नळीवर लहान लहान खुंट बसविलेले असतात. दोन खुंटांमध्यें पोलादी दांडी असते. त्या दांडीभोंवतीं पितळेची पोकळ नळी फिरते. या फिरत्या नळीच्या एका बाजूस बोट ठेवण्याची जागा आणि दुसरीकडे एक वाटी जोडलेली असते. वाटींत लोकरी नमद्याची व वरून पातळ चामड्यानें मढविलेली लहानशी गादी असते. तिला पॅड म्हणतात. ही गादी छिद्राच्या कांठावर सर्व बाजूंनीं सारखी टेकली, म्हणजेच छिद्र खऱ्या अर्थानें मिटलें. बोट उचलल्यावर कळ आपल्या जागीं परत यावी म्हणून खुंटांत सुईसारखी बारीक पोलादी स्प्रिंग खोंचलेली असते.

या कळांचे दोन वर्ग आहेत. कांहीं कळा स्वभावतः उघड्या असतात. बोट दाबलें कीं मिटतात. कांहीं स्वभावतः मिटलेल्या असतात. बोट दाबलें कीं उघडतात. एवढा भेद ध्यानांत ठेवला तर वरवर गोंधळाचें दिसणारें तें जाळें हळूहळू उलगडूं लागतें. पहिल्या वर्गाच्या कळा नळीच्या पोटावरून ओळीनें उतरतात, आणि दुसऱ्या वर्गाच्या बहुधा बाजूस असतात.

तथापि दोन कळा अशा आहेत कीं त्यांपाशीं आमचे विद्यार्थी पुष्कळ वेळ अडून बसले. पहिली सप्तकाची कळ. सॅक्सोफोनची नळी निमुळती असल्यामुळें तींत सूर उडवला तर तो बरोबर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ असल्यामुळें तो तेथें सप्तकाच्याही पलीकडे, वरच्या पंचमावर जातो. सूर उडविण्यासाठीं नळीच्या वरच्या भागांत टांचणीच्या डोक्यासारखें एक सूक्ष्म छिद्र उघडावें लागतें. पण एकाच जागचें छिद्र सर्व सुरांस मानवत नाहीं. म्हणून दोन छिद्रें असतात, एक देहावर व एक वरच्या वळलेल्या मानेवर. डाव्या अंगठ्याखालीं कळ मात्र एकच! मग कोणतें छिद्र उघडावें हें कोण ठरवितें? तें डाव्या हाताची अनामिका ठरविते. अनामिकेची कळ दाबलेली असेल तर देहावरचें छिद्र उघडतें. ती उचललेली असेल तर मानेवरचें. वादकास याचा विचारही करावा लागत नाहीं. दांड्यांची जुळणी तो निवाडा आपोआप करते. रेल्वेच्या सांधेवाल्यानें सांधा बदलावा आणि गाडी योग्य रुळावर जावी, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी कळ डाव्या करंगळीची. इंग्रजी स्वरलिपींत तिच्या सुरास जी शार्प म्हणतात. हिच्या वाटीवर दोन स्प्रिंगांची सत्ता चालते. वाटीची स्वतःची स्प्रिंग दुबळी, आणि ती वाटीला उघडूं पाहते. करंगळीच्या कळेची स्प्रिंग जोरदार, आणि ती वाटीला दाबून धरते. दार आपण होऊन उघडण्यास टपलेलें असावें व बाहेरून एक पहारेकरी त्यास टेकून बसलेला असावा, तसें हें आहे. करंगळी दाबली कीं पहारेकरी उठतो आणि दार उघडतें. याखेरीज एक दुसराही पहारेकरी आहे. उजव्या हाताचें कोणतेंही मुख्य बोट खालीं आलें कीं तिकडून एक पट्टी येऊन हीच वाटी मिटविते, मग करंगळी दाबलेली कां असेना. यामुळें वादकाची बोटें चपळ चालतात; परंतु दुबळ्या स्प्रिंगेची ही गादी कांठाला चिकटून बसते किंवा नीट टेकत नाहीं, अशा तक्रारीही हिच्याच वांट्यास अधिक येतात.

इतकें समजल्यावर आम्ही रोगाच्या परीक्षेस लागलों. खालचे सूर लागत नाहींत म्हणजे दोष खालच्या मोठ्या गाद्यांत असला पाहिजे, असें कोणासही प्रथम वाटेल. आमच्या आधीं ज्या कोणा कारागिराच्या हातीं हें वाद्य गेलें होतें त्यासही तसेंच वाटलें असावें. त्यानें खालच्या तीन वाट्यांच्या दांड्या वांकविल्या होत्या, एका गादीखालीं जाड कापड घातलें होतें, आणि एका तुटक्या स्प्रिंगेच्या जागीं रबराचा फेरा अडकविला होता. आम्हींही दोन दिवस खालच्याच गाद्या तपाशीत घालविले आणि हात हलवीत परतलों, हें येथें प्रांजळपणें सांगतों. तिसऱ्या दिवशीं आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, खालचा सूर वाजविण्यास वरचीं सगळींच छिद्रें मिटावीं लागतात ना? मग दोष वर कशावरून नसेल?”

सगळें मर्म याच प्रश्नांत होतें. नळींत वर कोठेंही केसाएवढी फट राहिली तर तिच्या खालचा प्रत्येक सूर दुबळा होतो, आणि जितकें खालीं जावें तितकी दुर्बलता वाढत जाते. पाटाला वर भगदाड पडलें तर शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नाहीं. शेतकरी त्या वाफ्यांत कुदळ मारीत बसत नाहीं, तो पाटाच्या कडेनें वर चालत जातो. म्हणून आम्हींही वरून खालीं येण्याचें ठरविलें. डाव्या हाताचें एक बोट ठेवून सूर काढला, स्वच्छ निघाला. दुसरें ठेवलें, स्वच्छ. तिसरें ठेवलें, तेव्हां सूर आला खरा, पण किंचित् घोगरा. उजव्या हाताचें पहिलें बोट ठेवतांच तो थरथरूं लागला, आणि पुढें तर फाटलाच. जेथें पहिला घोगरेपणा आला, तेथेंच चोर असला पाहिजे. ती जागा म्हणजे दोन्ही हातांच्या मधली करंगळीची वाटी होती.

खात्रीसाठीं दोन परीक्षा केल्या. खोली अंधारी करून, सणासुदीला लावतात ती बारीक विजेच्या दिव्यांची माळ आम्हीं नळींत सोडली आणि बोटें हळूच मिटलीं. सर्वत्र काळोख; पण त्या एका वाटीच्या कडेस नखाएवढी उजेडाची कोर चमकली. नंतर पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी गादी व कांठ यांच्यामध्यें ठेवून चारी बाजूंनीं ओढून पाहिली. तीन बाजूंस पट्टी अडे, चौथ्या बाजूस सहज निसटे. रोग सांपडला.

त्या रोगाचें कारण आमच्या प्रांताच्या उन्हांतच आहे. गादी वाटींत चिकटविण्यासाठीं चपडी लाख वापरतात. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जगणारे किडे ही लाख निर्माण करतात. म्हणजे परदेशांत जन्मलेल्या या वाद्याच्या सांध्यांत आमच्याच रानचा रस असूं शकतो. लाखेचा गुण हा कीं ती उष्णतेनें मऊ होते व निवल्यावर घट्ट धरते. गादी पुनः पुनः सारखी करतां येते ती यामुळेंच. पण हाच गुण येथें दोष होतो. वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि नेमकी तेव्हांच लग्नें असतात. भर दुपारीं टेम्पोच्या टपावरील लोखंडी पेटींत ठेवलेलें पितळी वाद्य हवेहून कितीतरी अधिक तापतें. लाख मऊ पडते, गादी वाटींत किंचित् तिरपी होते, आणि संध्याकाळीं निवल्यावर तशीच घट्ट बसते. पुढें चामडें वाळून आखडतें. पावसाळ्यांत नमदा दमट होऊन फुगतो आणि स्प्रिंगा गंजतात. मनुष्याचा दम मात्र जेथल्या तेथें असतो.

दुरुस्तीचें काम त्यामानानें थोडें निघालें. तरी त्याची रीत सांगतों. प्रथम एका मोठ्या कागदावर वाद्याची आकृति काढून, निघालेला प्रत्येक स्क्रू व प्रत्येक दांडी आकृतींतील आपापल्या जागीं ठेवली. कारण दोन दांड्या दिसण्यांत जुळ्या बहिणी असल्या तरी एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. जुनी गादी काढून वाटी स्पिरिटनें पुसली. वाटी मंद ज्योतीवर धरून तींत लाखेचे चार कण वितळविले व नवी गादी बसविली. मग कळ जागीं लावून, वाटी पुनः किंचित् ऊन करून, गादी आपल्या भारानें कांठावर टेकूं दिली. दाबून बसविण्याचा मोह येथें आवरावा लागतो. दाबलेली गादी वाटींत उलटी तिरपी होते. निवल्यावर कागदाची पट्टी चारी बाजूंस सारखी अडूं लागली, तेव्हांच हात थांबविला.

रबराच्या फेऱ्याच्या जागीं स्प्रिंग हवी होती. बँडच्या जुन्या कारागिरांत शिवणाच्या सुईची स्प्रिंग करण्याची चाल आहे. तीच आम्हीं धरली. सुई मुळांत इतकी कडक असते कीं वांकवितांच मोडते. ती तापवून तिला निळी झांक आली कीं कडकपणा कमी होऊन लवचिकपणा येतो. झांक निळी येतांच ज्योत काढावी. पुढें तापविली तर ती मऊ होऊन निरुपयोगी ठरते. आमच्या चार सुया वायां गेल्या, पांचवी साधली.

सर्वांत अधिक वेळ त्या वांकविलेल्या दांड्यांनीं घेतला. खालच्या भागांत एका बोटाखालीं दोन दोन वाट्या एकाच वेळीं मिटावयाच्या असतात. एक वाटी आधीं टेकली तर दुसरी अधांतरीं राहते. जोडींतला एक बैल पुढें ओढूं लागला कीं तिफण तिरपी चालते, तसें हें आहे. दोन वाट्यांमधील बुचाची पातळ चकती कागदाच्या जाडीएवढी घांसावी, पट्टी ओढून पाहावी, पुनः घांसावी, असें करीत दोन दिवस गेले. कळेच्या पायाखालचें बूचही महत्त्वाचें असतें. त्यानें खडखड थांबते. शिवाय गादी किती उंच उचलावी हेंही तेंच ठरवितें. गादी फार खालीं राहिली तर सूर उतरतो व कोंडल्यासारखा निघतो.

ज्या मुलांस पुढें असें वाद्य हाताळण्याचा प्रसंग येईल त्यांनीं चार गोष्टी पाळाव्या. वाजविल्यावर नळी आंतून कापडानें कोरडी करावी. वाद्य उन्हांत ठेवूं नये. जेवणावळींत जिलबी खाल्ल्यावर चूळ भरल्यावांचून तें तोंडास लावूं नये. साखरेनें गाद्या चिकटतात. आणि दांड्यांच्या सांध्यांत सुईच्या अग्रानें तेलाचा थेंब द्यावा, पण गाद्यांस तेलाचा स्पर्श होऊं देऊं नये. जी कळ चालत नाहीं ती जोरानें दाबूं नये. ती कां चालत नाहीं हें आधीं पाहावें.

या वाद्याचें आमच्या देशांत केवढें भाग्य उजळलें, हेंही येथें सांगणें उचित होईल. गोमंतकांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकून मुंबईस आलेल्या वादकांनीं चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पाश्चात्य वाद्यांची बाजू दीर्घकाळ सांभाळली. सॅक्सोफोनवर जाझ वाजविणारे ब्राझ गोन्साल्विस हे त्याच गोमंतकाचे. मुंबईच्या चित्रपट-संगीतांत मनोहारी सिंग यांनीं (१९३१–२०१०) या वाद्यास घराघरांत पोंचविलें. १९६९ च्या ‘आराधना’ चित्रपटांत त्यांचा सॅक्सोफोन आहे. आणि मंगळूरकडील कद्री गोपालनाथ यांनीं (१९४९–२०१९) तर म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडांत हें वाद्य ऐकून त्यावर कर्नाटक संगीत वाजविण्याचा पण केला. कळेचा सूर तुटक निघतो. गमक, मींड त्यावर कशी यावी? त्यांनीं वर्षानुवर्षें साधना केली, कळांच्या रचनेतही आपल्या गरजेपुरते फेरफार केले, आणि १९९४ सालीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें तें संगीत ऐकविलें. ज्याला कळ कळली, त्याच्या हातीं ती गुलाम होते.

नवव्या दिवशीं काका आले. आम्हीं कांहीं न सांगतां वाद्य त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं सवयीनें आधीं वरचे सूर लावले, मग अडखळत खालीं उतरूं लागले. जेथें सूर फाटे त्या ठिकाणीं ते क्षणभर थांबले, डोळे मिटले आणि फुंकर घातली. सूर निघाला, त्याच्या खालचा निघाला, त्याच्याही खालचा निघाला. आणि अखेर सर्वांत खालचा तो गंभीर सूर खोलीच्या खिडक्यांच्या कांचा हालवून गेला. त्यांनीं वाद्य मांडीवर ठेवलें, बराच वेळ त्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, “म्हंजे दम होता तं!” वाद्य विकण्याची गोष्ट पुनः निघाली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एवढेंच सांगून हा लेख पुरा करतों. दहावींत गणित अडलेला मुलगा घरीं म्हणतो, “मला बुद्धिच नाहीं,” आणि कित्येक घरीं तें खरेंही मानलें जातें. अशा वेळीं खालच्या वाट्या वांकविण्याची घाई करूं नये. एकेक इयत्ता वरून तपाशीत यावें आणि पहिला घोगरेपणा कोठें आला तें ऐकावें. पुष्कळदां तो चवथींतल्या अपूर्णांकांत सांपडतो. तेथली एक गादी नीट बसविली, तर खालचे सूर आपोआप निघूं लागतात.